न थांबता उडणाऱ्याचं कौतुक झालं, आता थांबणाऱ्यांचं पाहा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत अलास्काहून निघून थेट टास्मानियात उतरलेल्या पक्ष्यावरचा लेख वाचला. जेमतेम पाच महिन्यांचं पिल्लू, अंगावर उपग्रहाला ठावठिकाणा कळवणारं चिमुकलं यंत्र. १३ ऑक्टोबर २०२२ ला निघालं आणि २४ तारखेला १३,५६० किलोमीटरवर टेकलं. मध्ये अन्न नाही, पाणी नाही, बसायला फांदी नाही. लेख चांगला उतरला आहे. फक्त सोबतचा फोटो त्या पक्ष्याचा नाही. तो शेकाट्या आहे. चिखलावरच्या या लहान पक्ष्यांत इतके लांब गुलाबी पाय दुसऱ्या कोणाचे नसतात, आणि तो आमच्या तलावावर रोज दिसतो. लेखातला पक्षी म्हणजे पट्टेरी शेपटीचा पाणटिवळा. त्याची लांब चोच टोकाकडे किंचित वर वळलेली असते. असो, फोटोचं मी मनावर घेत नाही.

पत्र लिहायचं कारण वेगळं आहे. तो लेख वाचून आमच्या बसस्टँडवरच्या चहाटपरीवर एका पंचायत सदस्याने मला सर्वांसमोर विचारलं, "काका, तुमचे पक्षी अकरा दिवस न टेकता उडतात म्हणते पेपर. मंग त्याहीले आपल्या तलावाची काय गरज?" लोक हसले. मीही हसलो. पण प्रश्न गमतीचा नव्हता. आमच्या तलावाचं नाव यंदाच्या गाळ काढण्याच्या यादीत आहे आणि वरच्या बाजूचा उथळ भाग खणू नका म्हणून मी दिवाळीपासून लोकांच्या मागे लागलो आहे. आपल्या लेखाने नकळत माझ्या विरुद्ध पार्टीला मुद्दा पुरवला. म्हणून उत्तरही आपल्याच पेपरात आलं पाहिजे.

मी पवनी तालुक्यातला. पाटबंधाऱ्याच्या नोकरीत तलावाची राखण केली आणि पाणीपातळी लिहिली. सकाळी तुडुमाजवळच्या, म्हणजे पाणी सोडायच्या दाराजवळच्या, पट्टीवर पाणी किती ते पाहायचं, वहीत मांडायचं, महिनाअखेर तक्ता वर पाठवायचा, हेच काम. समासात पक्षी लिहायची सवय मला एका साहेबामुळे लागली. ते बदलून गेले, सवय राहिली. त्या वह्या सरकारी नव्हत्या, माझ्या कच्च्या नोंदीच्या होत्या, त्यामुळे निवृत्तीनंतर घरीच आल्या. पक्ष्यांचा मी तज्ज्ञ नाही. पाणी उतरलं की कोण येतं, एवढं मात्र मला कळतं.

आता सदस्यसाहेबांच्या प्रश्नाकडे येतो. न थांबता उडणारे हे पक्षी थांबतात, आणि थांबतात म्हणूनच उडतात. याच जातीची एक मादी, शास्त्रज्ञांनी तिला 'ई सेव्हन' असं नाव दिलं होतं, २००७ साली अलास्काहून न्यूझीलंडला सुमारे ११,७०० किलोमीटर एका दमात आली. ते साऱ्या जगाने छापलं. पण त्याच वर्षी मार्चमध्ये ती उलट दिशेने निघाली होती, तेव्हा चीन आणि उत्तर कोरियाच्या सीमेवर यालू नदीच्या मुखाशी चिखलात उतरली आणि महिनाभराहून जास्त काळ तिथे चरत राहिली. मगच पुढे अलास्काला गेली. हे त्याच यंत्राने सांगितलं, पण ते कोणी मथळ्यात घेतलं नाही. निघण्याआधी हे पक्षी इतकं खातात की अंगाचं निम्म्याच्या आसपास वजन चरबीचं होतं. वर आतडी आणि जठर आक्रसून घेतात, तेवढंच ओझं कमी. ही चरबी येते चिखलातून. चिखल गेला की मोठ्या उड्डाणाचा प्रश्नच मिटला.

आणि तो जाऊ शकतो, हे दक्षिण कोरियाने दाखवलं आहे. तिथे सेमांगम नावाच्या खाडीवर ३३ किलोमीटरची भिंत घालून एप्रिल २००६ मध्ये समुद्र बंद केला. शेती आणि उद्योगाला जमीन मिळावी हा हेतू, वाईट म्हणता येणार नाही. पण त्या चिखलावर ग्रेट नॉट नावाचे पक्षी हजारोंनी उतरत. भिंतीनंतर ते शेजारच्या खाड्यांत गेले असतील असं वाटत होतं. तिथे ते मिळाले नाहीत. हे पक्षी हिवाळा ऑस्ट्रेलियात काढतात, तिथलीच मोजणी खाली आली. आज ती जात जगातल्या धोक्यात असलेल्या पक्ष्यांच्या यादीत आहे. पक्ष्यांना कोणी गोळी घातली नव्हती. वाटेतला मुक्काम काढून घेतला, एवढंच.

आमच्या भंडारा जिल्ह्यात समुद्र नाही, पण तलाव आहेत. कोहळी समाजाने आणि मालगुजारांनी, म्हणजे जुन्या काळी गावाचा सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांनी, बांधलेले. सरकारी कागदात माजी मालगुजारी तलाव, बोलताना मामा तलाव. पूर्व विदर्भात ते हजारोंनी आहेत. बांधणाऱ्यांनी एका बाजूला मातीची पार घातली आणि वरच्या बाजूला जमीन जशी होती तशी सोडली. त्यामुळे पारीजवळ पाणी खोल आणि वर जावं तसं उथळ, शेवटी नुसता ओलावा. पट्टीवर पाणी एक फूट उतरलं तर पारीच्या दगडांवर एक फूटच दिसतं, पण वरच्या बाजूला तेच पाणी पन्नास-साठ पावलं मागे जातं. तेवढा चिखल नव्याने उघडा पडतो. उन्हाळी धानाला पाणी सोडलं की फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत हा चिखल रोज थोडा थोडा सरकत राहतो.

त्या चिखलावर सकाळी उन्ह तापायच्या आत बसून पाहा. अगदी काठावर, जिथे चिखल नुसता चमकतो, तिथे छोटे टिलवे असतात. मुठीत मावतील एवढे. रोवणीवाल्या बायांसारखे वाकून ओळीने चालतात, फक्त बाया मागे सरकतात आणि हे पुढे. चोच थांबतच नाही. दोन बोटं पाण्यात ठिपकेवाल्या तुतवाऱ्या. त्यांच्या पुढे, पाय बुडेल एवढ्या पाण्यात पाणटिवळे (आपल्याकडे येतात ते काळ्या शेपटीचे), ते चोच डोळ्यांपर्यंत खुपसतात. त्याहून पुढे शेकाटे. ज्याचे जेवढे पाय, तेवढं त्याचं पाणी. मागे कोरड्या भेगांवर कंठेरी चिखल्या, धावतो, थांबतो, पुन्हा धावतो, आणि थांबला की ढेकूळ होतो. एवढ्या जातींचं एकमेकांशी भांडण नाही, कारण उतार लांब आहे आणि प्रत्येकाला आपला पट्टा मिळतो. मी एकदा तिथला मूठभर चिखल चाळणीत धुऊन पाहिला. करंगळीच्या नखाएवढ्या लाल अळ्या वळवळत होत्या, बारीक गोगलगाई होत्या, आणि धाग्यासारखे किडे. त्याच अळ्यांच्या पुढे डासासारखे चिलट होतात, जे संध्याकाळी कंदिलाभोवती जमतात आणि ज्यांना गावात कोणी चांगलं म्हणत नाही.

हे टिलवे उत्तर ध्रुवाकडच्या भागात, नॉर्वेच्या टोकापासून सायबेरियापर्यंत, अंडी घालतात. वजन पंचवीस ग्रॅमच्या आसपास. हिरवी तुतवार तर आमच्याकडे ऑगस्टमध्येच येते, रोवणी पुरती आटोपलेली नसते तेव्हा. यातला कोणीही अकरा दिवसांचं उड्डाण करत नाही. हे टप्प्याटप्प्याने जातात. ध्रुवापासून हिंदी महासागरापर्यंतच्या या वाटेला मध्य आशियाई उड्डाणमार्ग म्हणतात. त्यात तीस देश येतात, आणि २०२० च्या फेब्रुवारीत गांधीनगरला स्थलांतरित प्राण्यांच्या कराराची जागतिक परिषद भरली तेव्हा आपल्या देशाने या मार्गासाठी पुढाकार घ्यायचं ठरवलं. तीस देशांच्या त्या नकाशावर आमचा तलाव कुठे, असं विचाराल तर ठिपकासुद्धा नाही. पण गाडी डेपोतून डेपोत जात असली तरी डिझेल वाटेतल्या पंपावरच भरते, हे टपरीवर मी सांगितलं तेव्हा सदस्यसाहेब गप्प बसले. त्यांचा ट्रॅक्टर आहे.

मग हे पक्षी नेमके आमच्याकडे थांबून कुठे जातात, ते यंत्र लावून का शोधत नाहीत? हा प्रश्न माझ्या नातीने विचारला आणि तो बरोबर आहे. अडचण वजनाची आहे. पक्ष्यावर त्याच्या वजनाच्या तीन ते पाच टक्क्यांहून जास्त ओझं घालायचं नाही असा अभ्यासकांचा दंडक आहे. म्हणजे टिलव्याला फार तर एक ग्रॅम. उपग्रहाशी बोलणारी बहुतेक यंत्रं त्याहून जड असतात. एक ग्रॅमच्या आतलं दुसरं एक साधन आहे, ते नुसता उजेड लिहून ठेवतं. सूर्य कधी उगवला, कधी मावळला. दिवसाच्या लांबीवरून अक्षांश आणि मध्यान्हीच्या वेळेवरून रेखांश काढतात. मला हे यंत्र फार आवडलं. रोज एकच गोष्ट लिहायची, त्यावरून सगळा प्रवास निघतो. पण ते काही पाठवत नाही, पुढच्या वर्षी तोच पक्षी पुन्हा हाती लागला तरच वाचता येतं. त्यामुळे लहान पक्ष्यांच्या बाबतीत अजून भिस्त आहे ती पायातल्या कड्यावर, रंगीत पट्टीवर आणि ते पाहणाऱ्या माणसावर. १८९९ मध्ये डेन्मार्कच्या व्हिबोर्गमधल्या एका शिक्षकाने मैनांच्या जातीच्या पक्ष्यांना नंबर घातलेली ॲल्युमिनियमची कडी घातली, तिथून हे शास्त्र सुरू झालं. आपल्याकडे बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने १९२७ साली धार संस्थानात कडी घालायला सुरुवात केली. मंगोलियात गळपट्टा घातलेले पट्टकादंब हंस आपल्या देशात दुर्बिणीतून वाचले गेले आहेत. पण दुर्बीण लावून बघणारा कोणी असला तर.

असं एक कडं मी पाहिलं आहे. पक्ष्याच्या पायात नाही, आमच्या ढिवर (मासेमार) मोहल्ल्यातल्या एका तान्ह्या पोराच्या करदोट्यात. जाळ्यात मेलेला पक्षी निघाला होता, त्याच्या पायातलं कडं आजोबाने उघडून नातवाला ओवलं. मी आजीला म्हटलं, याच्यावरचा नंबर मुंबईला कळवायचा असतो, जरा सोडून द्या. ती म्हणाली, "नाही बाप्पा, हे काढाचं नाही. पोराले नजर लागत नाही यानं." तेव्हा पोराला मांडीवर घेऊन, तो लाथा झाडत असताना, मी भिंग लावून कडं फिरवत वाचलं. पातळ ॲल्युमिनियम, कडा झिजून धारदार झालेल्या. 'बॉम्बे' एवढी अक्षरं स्पष्ट, पुढचे दोन आकडे लागले, बाकीचे गुळगुळीत. पाण्यात आणि वाळूत वावरणाऱ्या पक्ष्यांचं ॲल्युमिनियम असंच झिजतं, म्हणून आता त्यांना कठीण धातूची कडी घालतात. पक्षी कुठला होता ते कळायची वाट तिथेच बंद झाली. आजोबाने हाताने दाखवलेल्या मापावरून तुतवारीएवढा असावा.

आता गाळाबद्दल. मी गाळ काढण्याच्या विरोधात नाही. 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना २०१७ ला आली, २०२३ मध्ये पुन्हा सुरू झाली, आणि तलावाचा गाळ बांधीत पडला की धान कसं येतं ते मी माझ्या दोन एकरांत पाहिलं आहे. माझं म्हणणं खणायच्या जागेबद्दल आहे. शेजारच्या गावी गेल्या उन्हाळ्यात काम झालं. ठेकेदाराच्या दृष्टीने सोयीची जागा कोणती? जी आधी वाळते आणि जिथे टिप्पर फसत नाही ती. म्हणजे नेमकी वरची उथळ बाजू. पारीजवळ, जिथे गाळ सर्वांत जाड बसतो आणि जिथला काढला तर पाण्याचा साठा खरोखर वाढतो, तिथे पोकलेन गेलंच नाही, कारण तिथे मे महिन्यातही ओल होती. वरच्या बाजूला दीड पुरुष खोल उभ्या कडांचे खड्डे झाले. पावसात ते भरले. तलाव भरलेला दिसतो, फोटो छान येतो. पण आता पाणी उतरतं ते सरळ खाली, भिंतीवरून उतरावं तसं. चिखलाचा पट्टा उघडाच पडत नाही. शेकाट्याचेसुद्धा पाय पोचत नाहीत. या हिवाळ्यात मी तिथे जाऊन आलो. पाणकावळे होते, दोन बगळे होते, टिलवा एकही नाही.

आणि पक्ष्यांचं सोडा, एक म्हैस पाणी प्यायला उतरली ती चढू शकली नाही. त्या घरच्यांनी अर्ज केला, त्याचं पुढे काही झालेलं मला माहीत नाही. ढिवरांचंही हेच म्हणणं आहे. पहिल्या पावसात मासे अंडी टाकायला वरच्या उथळ गवतात चढतात, तो चढच राहिला नाही. जुने लोक सांगतात, पूर्वी गाळ टोपल्यांनी डोक्यावर निघायचा, माणसं चढउतार करू शकतील असाच उतार आपोआप राहायचा. आज पुन्हा टोपल्या घ्या असं मी म्हणत नाही. माझीच पाठ ऐकणार नाही.

आमच्या ग्रामसभेत मी मागितलं ते एवढंच. पारीकडचा खोल भाग आधी खणा, पाणी त्यासाठी थोडं लवकर उतरवावं लागलं तर तसं वेळापत्रक लावा. वरच्या बाजूचा कोरडा गाळ शेतकऱ्यांना हवाच असेल तर वरवरचा, हातभर, सारख्या उताराने काढा, खड्डा करू नका. आणि त्या बाजूचं काम एप्रिल संपल्यावर करा, तोवर पक्षी निघून गेलेले असतात. यात जास्तीचा पैसा लागत नाही. मशीनवाल्याला उभं राहून सांगणारा एक माणूस लागतो, आणि तो मी फुकट आहे.

ग्रामसभेत एकाने विचारलं, पक्षी येतात याचा पुरावा काय. प्रश्न रास्त होता. दर जानेवारीत पाणपक्ष्यांची आशियाई गणना होते, १९८७ पासून. तिच्यात जिल्ह्यातले मोठे तलाव असतात, आणि जानेवारीत आमचा तलाव अजून भरलेला असतो. चिखल उघडा नाही, म्हणून पक्षी थोडे. गणनेचं पान पाहणाऱ्याला वाटेल इथे काही नाही. खरी गर्दी मार्च-एप्रिलची, परतीची, आणि तेव्हा मोजायला कोणी येत नाही. मोजणी खोटी आहे असं नाही, तिची वेळ आमच्या तलावाची नाही. माझ्या वह्यांत उलटी गोष्ट दिसते, पट्टीवरचा आकडा खाली जातो तसा समास भरत जातो. माझी नात नागपूरला शिकते, ती सुट्टीत येऊन या नोंदी 'ई-बर्ड' या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर चढवते आहे. जुन्या तारखांच्या नोंदीही त्यात घेता येतात. माझं अक्षर लागत नाही म्हणून रोज संध्याकाळी फोन करते. "आजोबा, हे टिलवा आहे की टिटवी?" मी विचारतो महिना कोणता, पाणी किती, मग सांगतो.

म्हणून आपल्याला विनंती. हिवाळा लागला की आपण दरवर्षी पक्षी दाखल झाल्याचा फोटो छापता, तो छापाच. पण एप्रिलमध्ये एक वार्ताहर उतरत्या पाण्याच्या तलावावर पाठवा. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली, कुठेही. ज्या गावात गाळ निघाला आहे तिथे आणि ज्या गावात निघालेला नाही तिथे, एकाच दिवशी. आणि तालुक्यात कुठले तलाव कोणत्या बाजूने खणले जाणार, याची यादी संबंधित कार्यालयाकडून मिळवून छापा. मी माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला आहे, पण पेपरवाल्याने मागितलं की कागद लवकर सापडतो असा माझा नोकरीतला अनुभव आहे. कामाचा आराखडा उन्हाळ्याच्या आधीच पक्का होतो, तेव्हा हे पत्र शक्यतो याच महिन्यात घ्यावं.

आपला,
एक निवृत्त तलाव चौकीदार
पवनी तालुका, जि. भंडारा

ता. क. – आपल्या वाचकांपैकी कोणाला पायात कडं किंवा रंगीत पट्टी असलेला पक्षी दिसला, तर जिवंत पक्ष्याचं कडं काढू नये. नंबर, पट्टीचा रंग, कोणत्या पायात होती, तारीख आणि गाव एवढं लिहून मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीला कळवावं. मेलेल्या पक्ष्याचं कडं सापडलं तर आधी सर्व बाजूंनी मोबाईलवर फोटो काढावेत, मग हवं तर करदोट्यात ओवावं.